मेओ वाकच्या बाजाराला

पाओ म्हणतो, घागऱ्याचा घेर नीट खोच आई,
चेनमध्ये गेला तर दोघंही दरीत.
खोचते. अख्खा हिवाळा गेला होता हा ताग विणायला,
चेनला काय त्याचं.

डोक्याच्या फडक्यावर हेल्मेट बसत नाही.
फडकं सोडून पोटाशी धरते,
त्याच्यासमोर बोडकी.

कंबर धर, खांदे नकोत.
आणि वळणावर माझ्याबरोबर झुक,
उलटी झुकलीस तर गाडी ऐकत नाही.

पहिल्याच वळणावर मी उलटी झुकते.
खाली नदी, दोऱ्याएवढी, हिरवी.
तो थांबतो. रागावत नाही.
डुकराच्या पिल्लाची टोपली उगाच सरळ करतो.

मक्याच्या चढावर हा माझ्या पाठीला बांधलेला असायचा.
मी वाकले की वाकायचा,
झोपेतसुद्धा.
मी कुठे शिकवलं होतं?

पुढच्या वळणाला डोळे मिटते,
हेल्मेट त्याच्या जाकिटाला टेकवते.
पिल्लू किंचाळतं.
डोंगर तिरका होतो,
मग पुन्हा आपल्या जागी.

काही बोलत नाही तो. वेग थोडा वाढवतो.

बाजार येतो, तरी माझी बोटं सुटेनात.
उतर, तो म्हणतो, डावीकडून.
उजवीकडे सायलेन्सर तापलाय.