नांगर

अनोमाबूच्या वळणावर, टायरवाला आणि वेण्या घालणारी यांच्या मधोमध
माझी टपरी : एक संगणक, एक दमेकरी प्रिंटर,
दारावर पाटी, ‘अंत्यविधीच्या पुस्तिका तातडीने’.
इथे माणसं शनिवारी पुरतात,
म्हणून मला मरणाची घाई गुरुवारी.

मान्सा पिशवी घेऊन आली. पिशवीत तिचा बाप :
एक पासपोर्टएवढा, एक चर्चच्या पायरीवरचा,
आणि एक होडीतला, उघडाबंब, हसरा,
खाऱ्या हवेने कोपरा खाल्लेला.
एग्या क्वान्सा. वय एक्याऐंशी. पिकलं पान,
म्हणून मुखपृष्ठ पांढरं-काळं, लाल नको.

‘हा मोठा कर. अक्षरांच्या मागे ठेव, फिकट,
पहाटे धुक्यात होडी दिसते तितपत.’
ठेवला.
मजकुराच्या मागे गेलेलं माणूस
मग सहजी हाती लागत नाही.
माउस नेला की अक्षरंच आडवी येतात,
घरच्या माणसांसारखी,
आणि तो त्यांच्या फटींतून बघत राहतो.

धाकटी बायको सेकोंडीहून आलेली.
तिचा फोटो थोरलीच्या खांद्यावर चढला, बोटभरच.
‘मागे पाठवा’ म्हणून थोरलीची बहीण खाकरली.
‘पुढे आणा’ असं धाकटी काही बोलली नाही,
फक्त कानातलं चाचपलं.
शेवटी कडेला कड लावली,
मध्ये कोऱ्या कागदाचा बांध.
एग्याला चाळीस वर्षं जमलं नाही ते दोन टिचक्यांत झालं,
तरी मला कुणी पाणी विचारलं नाही.

मग अबाका काका, इतका वेळ स्टुलावर गप्प :
‘पान चार. फीफीचा परिच्छेद काढ.
सात मुलं नको. सहा लिही.’
फीफी. बापाची मोटर विकून उत्तरेला गेला,
वाळवंट ओलांडलं म्हणतात,
पुढे पाणी होतं, पुढे कुणाला ठाऊक नाही.

मी चार ओळी धरल्या, कळ दाबली.
ओळी गेल्या.
होडीही गेली.
होडीतला बापही.

कुणी बोललं नाही.
प्रिंटर उगाच एकदा खोकला.

चित्र पानावर तरंगतंय असं वाटतं. तसं नसतं.
प्रत्येकाला एक नांगर असतो,
शेतातला नव्हे, पाण्यातला,
समासात, मुंगीएवढा,
कुठल्या तरी परिच्छेदात रुतलेला.
तो परिच्छेद उपटा, चित्र आपोआप येतं मुळासकट.

मी एक पाऊल मागे घेतलं.
होडी परत. बाप परत. फीफी परत.

‘दुसरीकडे टाक की नांगर,’ काका म्हणाला.
पन्नास वर्षं दोर ओढलेला माणूस.
मी म्हटलं, नाही होत.
तो पडद्याजवळ वाकला. त्या मुंगीकडे बघत बसला,
चष्मा नव्हता, तरी.
‘खोल गेलाय?’
‘खोल.’
‘मग राहू दे,’ म्हणाला,
आणि मान्साने तोंड टायरवाल्याकडे वळवलं.

तीनशे प्रती. ते गेल्यावर छपाई लावली,
आणि सहज, कुणी बघत नाही म्हणून,
नांगर माउसने धरून खालच्या परिच्छेदात ओढला.
लोण्यातून केस यावा तसा आला.
पानावर काहीसुद्धा हललं नाही.

पुन्हा होता तिथेच नेऊन ठेवला.
जतन केलं. दोनदा.

तेवढ्यात वीज गेली. आता कधी येईल, देव जाणे.
मोबाइलच्या उजेडात पाहिलं :
एकशे बारावी प्रत, पान चार, प्रिंटरच्या तोंडात अडकलेलं.
बाप छातीपर्यंत बाहेर आला होता.
होडी अजून आत होती.