दोनशे बारा

रिपोर्ट आला लॅबच्या निळ्या पाकिटातून,
लग्नपत्रिकेसारखी घडी घातलेला.
डॉक्टर मगदूम चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"दोनशे बारा. तीनशेच्या वर पाहिजे होतं.
वय झालं, चौगुले. व्हायचंच."
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर उभा आहे मी.
शाफ्टवर अंगठा फिरवला
की केसाच्या दहाव्या भागाचा फरक सांगतो.
पण हा नॅनोग्रॅम कुठल्या व्हर्निअरवर बघायचा?
रक्तात कुणीतरी माप उतरवत गेलं,
बारीक कट, हळू फीड,
आणि बुरा कुठं पडला तेही दिसलं नाही.

खोटं कशाला, दिसलं होतं.
दाढी रोजची होती ती दोन दिवसांची झाली, मग तीन.
पट्टा एक भोक बाहेर गेला, मांडी आत.
परवा चक उचलताना मुजावरांच्या साहिलनं
न विचारता दुसरी बाजू धरली
आणि मी त्याला शिवी दिली नाही.
गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास
अर्धा ठेवून उठलो,
तर गवळी म्हशीकडे रागानं बघाय लागला,
चूक तिची असल्यागत.

रविवारी शाहू स्टेडियमवर मॅच.
एकोणनव्वदाव्या मिनिटाला आमच्या पेठेचा गोल.
सगळ्या पायऱ्या उठल्या, हलगी कडाडली,
आणि मला दिसला समोरचा गोलकीपर:
जाळीतला बॉल काढायला वाकलेलं एक पोर,
जर्सी पाठीला चिकटलेली, मणके मोजता येतील असं.
गळाच दाटला माझा.
पंचाण्णव साली याच पायऱ्यांवर
ज्या हातानं त्यांच्यातल्या एकाचा दात पाडला
त्याच हातानं खिशात रुमाल शोधत होतो.
"काय झालं रं?" रंगरावनं विचारलं.
म्हटलं, गुलाल गेला डोळ्यात.
गुलाल अजून उधळायचा होता.

रात्रीचं काय सांगू.
शालन त्या कुशीला, मी या कुशीला,
मध्ये जी जागा उरते
तिथं आम्ही दोघांचे मोबाईल ठेवतो.

पण काल तीन वाजता जाग आली ती घामानं.
बनियन पिळून काढावं असं.
जानेवारी. बाहेर कुत्रीसुद्धा अंग चोरून झोपलेली.
छातीतून कानापर्यंत भट्टीचं दार उघडल्यासारखी धग.
उठलो, गॅलरीत गेलो,
शहाबादी फरशीवर पाठ टेकून बसलो.

आणि फरशी ओळखीची वाटली.

इथंच बसायची ती. दहा-अकरा वर्षं झाली असतील.
मानेवर ओलं फडकं, पदर बाजूला,
आणि आतून माझा आवाज:
"मनाचे खेळ असतात गं. झोप आता."
एकदा तर उठून पंखा दोनवर केला होता मी,
मला सकाळची पाळी होती म्हणून.
गुरगुरत का होईना, केला होता.
ती काही बोलली नव्हती.

दार वाजलं. शालन.
हातात फडकं, त्याच जातीचं, जुन्या लुगड्याचं.
माझ्या मानेवर ठेवलं,
थेंब पाठीतून खाली गेला.
"पंखा पाचवर करून आलेय," म्हणाली.

मी रिपोर्टचं सांगितलं. आकडा सांगितला.
ती भिंतीला टेकून बसली, जरा लांब,
गुडघ्याला हात लावत, आवाज करत.
"तुझा आकडा तरी निघाला," म्हणाली,
"माझं कुणी मोजलंच न्हाई."

रंकाळ्याकडून गार वारं आलं आणि गेलं.
मग मी विचारलं,
असं विचारायला मला एवढी वर्षं लागली,
विचारलं, किती दिवस चाललं होतं तुझं?

तिनं लगेच उत्तर दिलं नाही.
अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला,
मग दुसऱ्या,
ओठ हलत होते,
एका पेरावर थांबली, मागं गेली, परत धरलं.
मी तिच्या अंगठ्याकडं बघत राहिलो.