मासळीवालीचं नाक

माझं नाक कधी चुकत नाही.
डोळे मिटून सांगते, तिलापिया आजचा
की परवाचा, बर्फात दडवलेला;
ओमेना उन्हात वाळला की ढगात.
डुंगाच्या किनाऱ्याला होड्या लागल्या की
दलाल आधी माझ्या तोंडाकडे बघतात,
मग तराजूकडे.

आणि या नाकालाच कळेना,
संध्याकाळी दोन बादल्या अंगावर ओतल्यावर
उरतो तो वास कुणाचा.
पाटीचा? कमरेच्या लेसोचा?
ओगुटू काही बोलला नाही.
कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं, एवढंच.
सात वर्षांत ती भिंत त्याला कधी आवडली नव्हती.

नेरेआ म्हणाली, आतून धू.
बाईचं घर आतून झाडायचं असतं.
मी झाडलं.
मीठ, लिंबू, कपड्यांचा साबण,
शेवटी फरशी पुसायचं ते पांढरं पाणी.
झोंबलं.
झोंबलं म्हणजे लागू पडलं, असं वाटलं.
आठवड्याने वास आला तो दामदुपटीने,
आणि अंगावरून जाणारं
तांदळाच्या धुवणासारखं पातळ, राखाडी.

दवाखान्यातली चेलांगात केरिचोच्या डोंगरातली.
काडीवरचा थेंब काचेवर घेतला,
त्यावर बाटलीतलं काहीतरी टाकलं,
आणि काच नाकाशी नेली.
मी तिच्या नाकाकडे बघत होते.
मुरडलं नाही.
तेवढ्यानेच मला रडू फुटलं, काय सांगू.

मग म्हणाली, ये, बघ.
नळीतून बघितलं तर
पेशीच्या कडांना दाणेच दाणे चिकटलेले,
जाळ्यावर वाळत घातलेल्या ओमेनासारखे,
कुठे कड म्हणून दिसेना.

'आमच्याकडे दूध भोपळ्यात आंबवतात,' ती म्हणाली.
'आंबट करणारे जीव भोपळ्याच्या भिंतीलाच राहतात.
साबणाने घासलास तर पुढचं दूध नासलंच.
तुझ्यातही तसलेच राखणदार असतात.
तू दर शनिवारी त्यांनाच हाकलत होतीस, अपोंदी.
आता दूध आत घालू नकोस हं,
गेल्या महिन्यात एकीने घातलं होतं.'
आम्ही दोघी हसलो, त्या एकीला.

मटाटूत घोकून आणलेला प्रश्न तोवर तोंडात मऊ झाला होता.
तरी विचारलाच.
कुणाकडून आलं? त्याचं दुसरं कुणी आहे का?
'हे या काचेवर दिसत नाही,' ती म्हणाली.
'बाकीच्या तपासण्या करू. तुझी घाण मात्र ही नव्हे.'
मला दुसरं उत्तर हवं होतं.
होय किंवा नाही, काहीही.

सात दिवस गोळ्या, सकाळ-संध्याकाळ.
जिभेवर जुनं नाणं ठेवल्यासारखी चव,
उगाली गोड लागेना, चहा लागेना.
पाचव्या दिवशी पाटी उतरवताना वाटलं,
हा वास फक्त माशांचा आहे.
किती छान येतो तो!

ऑक्टोबरात परत आला.
तिने सांगितलंच होतं, पुष्कळींना येतो,
लाजू नकोस, ये.
लाजले. तीन दिवस. मग गेले.
या खेपेला ओगुटू बरोबर आला,
बाहेरच्या बाकावर टोपी हातात फिरवत बसला.
चेलांगातने त्यालाही आत बोलावलं.
दार लागलं. आत काय बोलणं झालं
ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
रात्री तो छताकडे तोंड करून झोपला.
भिंतीपेक्षा बरं.

काल नेरेआची धाकटी माझ्या शेजारच्या फळीवरून
सहा लिंबं घेत होती, इकडेतिकडे बघत.
माझं नाक चुकत नाही.
चार परत ठेवली मी तिच्या हातातून,
दोन राहू दिली.
म्हटलं, ही मासळीला पिळ.
आणि मंगळवारी माझ्याबरोबर चल,
काचेत एक गंमत दाखवते.