मागचे शॉकअप

मंडईला अजून अकरा दिवस.
अंगणात एस्टीम उभी, ढुंगण टेकलेली,
भात खाऊन सुस्तावलेल्या कुत्र्यासारखी.
दोन सीझन हिनं ओढले
ऑर्गन, पेटारा, राजाच्या गाद्या,
डिकीत गॅसची टाकी
आणि मागच्या सीटवर चार नट.
त्यातला खलनायक एकटाच एकशे दहा किलोचा.
खड्डा एकदा येतो,
ही चारदा मान हलवते.

सामान नागपूरहून आलं, कंडक्टरच्या पायाशी:
दोन शॉकअप, दोन स्प्रिंगा.
वडशाचा मिस्त्री मजुरी दोन हजार म्हणाला.
मी म्हणालो, पाने आहेत माझ्याकडे.
निरंजना हसली.
ती नायिका करते, पण भाऊ ट्रॅक्टरवाला,
तिचं बालपण ग्रीसमध्ये गेलेलं.
"चाक उचलाच्या आधी नट ढिले करा, भाऊ.
मंग का हवेत फिरवाल?"

जॅक लावला.
जॅकवर भरोसा नाही, म्हणून खाली सागाचा ओंडका.
खालचे दोन बोल्ट नदीकाठच्या चिखलानं धरून ठेवलेले.
केरोसीन ओतलं. चहा झाला. परत ओतलं.
पान्याला बोअरिंगच्या पाइपाचा तुकडा घालून
मी लोंबकळलो.
कर्र आवाज आला, मी भुईवर,
बोल्ट तसाच.
"उठा," ती म्हणाली, "आता दोघं."

वरचे तीन नट मागच्या सीटच्या आड, गालिच्याखाली.
गालिचा उचलला तर टिकल्या, घुंगरू, बिडीची थोटकं,
आणि एक पान,
चिवड्याच्या तेलानं आरपार दिसणारं.
तिसरा अंक. माझ्याच वहीचं.

मी प्रॉम्प्टर. विंगेत बसतो, मांडीवर वही.
कोणी बुडायला लागला की शब्द पुढं करतो.
हे पान हरवलं तेव्हापासून
त्या जागी मी मनचंच सांगत होतो.
बाप दारात उभा, पोरगी बाहेर निघालेली,
बाप म्हणतो:
"मी कडी लावत नाही. येशील तेव्हा आवाज करू नको, एवढंच."
रोज टाळी. दोन ठिकाणी वन्स मोअर.
पुढच्या प्रवेशात ती तरी उपाशी का भटकते,
कोणी विचारलं नाही.

पानावर लिहिलं होतं:
"चालती हो! हे घर तुला मेलं!"

पोरगी निरंजनाच करते.
तिनं दोनदा वाचलं, बोटांचा काळा डाग पानावर उमटवत.
"हे नका सांगू," म्हणाली,
आणि बाराचा पाना मागितला.

स्प्रिंग दाबायच्या पकडी उसन्या.
एक आटा इकडं, एक आटा तिकडं, घाई नाही.
दाबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड न्यायचं नाही,
ती कोणाला ओळखत नाही.
उजवीचा शेवटचा वेढा तुटलेलाच होता, बोटभर.
जुना शॉकअप दाबला: गेला आत, राहिला आत.
तेल केव्हाच बाहेर पडून धुळीत काळं झालेलं.
नव्याची पट्टी कापली
तर तो सावकाश उठला,
कोणी न सांगता.

मी पानाची घडी केली, गालिच्याखाली परत ठेवली.
नट आवळले. मग दुसरी बाजू,
जी पहिलीपेक्षा लवकर झाली
आणि जिच्यात माझं नख गेलं.

अंधार पडल्यावर कुरूडच्या रस्त्याला काढली.
दोन सीझन आमचा उजेड झाडांच्या शेंड्यात जायचा.
मोहाच्या फांदीवरची घुबडं
आम्ही नावानिशी ओळखायचो.
आज उजेड खाली, डांबरावर.
खड्डे दिसले. सगळे. इतके होते.

पहिल्या खड्ड्यात गाडीनं एकदाच मान हलवली.
निरंजना काही बोलली नाही.
दुसऱ्यात मागून टण् असा आवाज.
दोघांचाही श्वास थांबला. उतरलो, डिकी उघडली.

बाराचा पाना होता.