तिकिटाचा डिंक

दर महिन्याच्या सात तारखेला हेडक्लार्क खैरनार
पगारपत्रक उघडतात, अर्धंच.
आकड्यांवर त्यांचा पंजा असतो.
आम्ही रेव्हेन्यू तिकीट जिभेवर ओलं करतो,
चिकटवतो, सही करतो, पाकीट घेतो.
पाकिटात किती आणि पंजाखाली किती
हे जुळवून पाहायचं नसतं.

मी एम. ए., बी. एड.
दिंडोरीच्या या शाळेत आठवीला नागरिकशास्त्र शिकवतो.
निवडणूक आली की मतदारयाद्या फोडतो,
वणी रस्त्याच्या वस्त्यांवर चिठ्ठ्या वाटतो
आणि अध्यक्षांना भाषण लिहून देतो :
शिक्षणाने माणूस ताठ उभा राहतो.
हे वाक्य ते टेबलाला रेलून म्हणतात.

यमुना भोये आमची शिपाई.
वर्ग झाडते, घंटा देते, अंगठा देते.
एका दुपारी म्हणाली,
सर, मला सही शिकवा.
ही निळाई धुतली तरी जात नाय,
नागलीच्या पिठाला लागते.

मी य, मु, ना गिरवून दिलं. तेवढंच.
बाकीचं तिने पहिलीच्या भिंतीवरून उचललं,
झाडता झाडता,
केरासोबत.

मग सात तारीख.
तिने तिकीट जिभेला लावलं नाही.
पोराचा हात वहीवरून काढावा
तसा खैरनारांचा पंजा बाजूला केला
आणि बोट ठेवून वाचलं, मोठ्यानं,
एकक, दशक, शतक, हजार.
"मंग हे कोनाचं?"

पंखा तेवढा बोलत राहिला.
रांगेत आम्ही सात पदवीधर.
सातही जण आपापल्या चपला वाचत होतो.

पंधरा दिवसांत तिची बदली झाली,
सुरगाण्याच्या शाखेत.
निरोप समारंभ नाही.
घंटा सध्या मीच देतो.

पुढच्या सात तारखेला
तिकीट जिभेवर ठेवलं आणि चव लागली.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
सही केली.

आठवीच्या तासाला फळ्यावर तारीख टाकली,
खाली धड्याचं नाव.
ते वाचून दाखवायला तोंड उघडलं
तर जीभ टाळूला धरून बसलेली.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
सर, ऐकू नाही आलं.