पाचवा रकाना

फळ्यावर काढलेला फासा कधी पडत नाही,
म्हणून त्याचं सगळं बरोबर असतं :
सहा बाजू, प्रत्येकीला एक-षष्ठांश,
कुणावर मेहेरनजर नाही, कुणाशी अबोला नाही.
नववीच्या मुलांनी मुकाट उतरवून घेतलं
हातमोज्यांतून बोटांची टोकं बाहेर काढून.
खिडकीबाहेर उणे चोवीस.
खानगाईच्या डोंगरावर सूर्य
नुसता हजेरी लावायला आलेला.

मग मी म्हटलं, पिशव्या काढा.

सोळा बाकांवर हाडं खळखळली,
मेंढीच्या घोट्याची, किती तळहातांनी तुळतुळीत केलेली शगाई :
एका बाजूला घोडा, एका बाजूला उंट,
एकीला मेंढी, एकीला बकरी.
ही मुलं चालायच्या आधी यांच्याशी खेळली.
"चार बाजू," गंतुमुर म्हणाला, "म्हणजे प्रत्येकीला पाव."
इतकं झटकन, की मलाही ते खरं वाटावंसं वाटलं.
लिहिलंसुद्धा फळ्यावर,
आणि खाली जागा सोडली.

प्रत्येकाने पंचवीसदा. चारशे दानं.
पाव म्हणजे शंभर-शंभर.
आरडाओरडा, चार उभ्या रेघा एक आडवी,
शेगडीत शेणी धुमसताहेत,
कुणाचं दान बाकाखाली, कुणाचं शेजाऱ्याच्या बुटात.

मेंढी एकशे बावन्न.
बकरी एकशे एकोणचाळीस.
उंट सत्तावन्न. घोडा एकावन्न.

वर्ग फळ्यावरच्या पावाकडे बघत राहिला.
मग यांजमा, जी वर्षातून दोनदा बोलते :
"बाई, हाड पसरट कुशीवर निजतं.
माणसंही तशीच निजतात."
पुस्तकात यासाठी अडीच पानं आहेत.

देजिदच्या हाडावर मात्र पंचविसात नऊदा घोडा.
"लबाडी!" तीन बाक एकदम ओरडले.
ती कानापर्यंत लाल झाली.
म्हणाली, ही मेंढी लंगडी होती.
कोकरू असताना पाय मोडला, बाबांनी काठी बांधून सांधला,
तो वाकडाच सांधला.
तीन हिवाळे कळपाच्या मागून चालली.
मेली तेव्हा हे हाड मी मागून घेतलं.

पावाला यातलं काय ठाऊक?
पण मी पडले गणिताची बाई.
म्हटलं, पंचवीस म्हणजे काहीच नव्हे,
नऊ घोडे योगायोगानेही येतात.
शंभरदा टाक, मग बोलू.
आणि म्हणताच जीभ चावली.

जेवणाची घंटा झाली. पंधरा जण वाफेकडे धावले.
ती बसून राहिली.
टक्.
टक्.

मी बेरीज केली. तीनशे नव्व्याण्णव.
पुन्हा केली, खालून वर.
गंतुमुर दारातच रेंगाळत होता, टोपी चुरगाळत.
"शेवटचं शेगडीखाली गेलं. दिसलं नाही,
म्हणून मांडलं नाही.
मेंढी लिहू का?
बहुधा मेंढीच असेल."

बहुधा.
तासभर मी घसा फोडून शिकवलं ते या एका शब्दात मावलं होतं,
आणि तरी मी म्हटलं, नको.
न पाहिलेलं लिहायचं नाही.
मग लेंगा वर खोचून गुडघ्यांवर बसले,
गाल फरशीला लावला.
राख. एक बटण. पेन्सिलीचं बूड.
आणि त्यापलीकडे, शेगडीच्या पायापासून बोटभर दूर,
हाड उभं होतं.
टोकावर. कशालाही न टेकता.
घोडा भिंतीकडे बघत होता, उंट माझ्याकडे.

असं पडलं की माझे वडील
आधी डोक्यावरची टोपी सारखी करायचे,
मगच बोलायचे.
मी श्वास आवरला. गंतुमुरनेही, माझ्या शेजारी पालथा पडून.

रकाने चारच आखले होते मी, सकाळी, पट्टीने.
पाठीमागे देजिद मोजत होती :
एकसष्ट, उंट.
बासष्ट, घोडा.

"हात लावू नकोस," मी गंतुमुरला म्हटलं,
आणि खडू शोधायला उठले.