सोळा हाका

बेचाळीस डबे आहेत आमच्या कार्यालयात,
पाठ्यपुस्तकाएवढे, मॉनिटरच्या पाठीला चिकटलेले.
थिन क्लायंट म्हणतात त्यांना.
पोटात डिस्क नाही, पंखा नाही,
काल काय केलं ते त्यांना विचारू नये.
असेल नसेल ते सगळं सांतियागोच्या सर्व्हरवर.
सकाळी मागून आणायचं, संध्याकाळी परत द्यायचं,
भाड्याच्या भांड्यांतला संसार.

पूर्वी त्यांना उठवायचा रोसामेल ओयार्सो.
साडेसातला यायचा, वाऱ्यात तिरका होऊन,
टोपी काढून रेडिएटरवर ठेवायचा,
आणि फरशी पुसता पुसता
एकेका टेबलामागे हात घालून
बटण दाबायचा. बोटाने नाही, अंगठ्याने.
सव्वीस नंबरचं रुतायचं.
ते तो दोनदा दाबायचा, मध्ये एक शिवी,
चिलोए बेटावरची, मला अजून नीट न कळलेली.

मग वेळापत्रक आलं.
सोमवार ते शुक्रवार,
पावणेआठला चालू, साडेसहाला बंद.
मी त्याला समजावलं होतं, माते पिताना:
नेटवर्कवरून एक लहानसं पाकीट निघतं,
त्यात ज्याला उठवायचं त्याचाच पत्ता,
एकदा नाही, सोळा वेळा लिहिलेला.
झोपेतही यंत्राचा एक कान उघडा असतो.
आपलं नाव सोळा वेळा ऐकलं की ते उठतं.

"सोळा?" रोसामेल म्हणाला.
"आई मला तीन हाका मारायची.
चौथी बापाची. ती तो हाताने मारायचा."

वर्षभर चाललं, सोळा आणे नीट.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी रात्री
राजधानीने घड्याळं एक तास मागे घेतली.
राजा बोले, दळ हाले.
पण पुंता अरेनास हालत नाही.
हिवाळ्यात इथे उजेड पसाभर,
तो निदान ऑफिस सुटताना हाती लागावा
म्हणून आमची वेळ आम्ही जागची हलवत नाही.
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पाकिटांना ठाऊक नव्हतं.

सोमवारी आठला
परवान्यासाठी पाणबुड्यांची रांग दारापर्यंत,
रबरी बुटांना अजून मीठ चिकटलेलं,
आणि काउंटरवर मिर्ना,
बेचाळीस काळ्या काचांपुढे हात बांधून.
ओहोटी सव्वादहाची.
ओहोटी दोन्हीपैकी कुठलंच घड्याळ बघत नाही.

मी सांतियागोला फोन लावला.
वाजत राहिला.
तिथे सात वाजले होते. कामावर कोण असणार?

तेवढ्यात बादली ठेवल्याचा आवाज.
मी काही म्हणायच्या आत
रोसामेल पहिल्या टेबलामागे वाकलेला.
एक. दोन. खिडकीकडची रांग.
पडदे निळे होत गेले,
रांगेतल्या एका म्हाताऱ्याने, का कोण जाणे, टोपी काढली.
सव्वीसला दोनदा.
शिवी मात्र त्याने गिळली, माणसं होती.

मिर्नाचा तेरावा शिक्का पडत होता
तेव्हा सांतियागोहून उत्तर आलं:
"आमच्याकडे सर्व यंत्रे वेळेवर सुरू झाली आहेत."

दुरुस्ती एका ओळीची होती.
ती करून मी बसून राहिले, लागू व्हायची उद्यापासून.
साडेसहाला काहीच विझलं नाही.
सात. रस्त्यावर वारा दोरखंड वाजवत होता,
चालणाऱ्यांनी धरायला बांधलेले.
साडेसातला गेले सगळे, एका झटक्यात,
आणि अंधारात रोसामेलचा मॉप थांबला.

"येर्का, झोपवताना किती हाका मारता?"

"एकही नाही. नुसता हुकूम जातो."

तो रेडिएटरवर टोपी चाचपडत होता.
"बरोबर आहे," म्हणाला.
"तेव्हा आईसुद्धा हाक मारायची नाही.
कंदील बारीक करायची, बास."